तळहात उघडतो तेव्हा

या, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलात तर अर्धी गोष्ट भिंतच ऐकेल, आणि भिंतीला काय त्याचं! आज एका तळहाताची गोष्ट सांगणार आहे. तळहात एका सर्जनचा, आणि वाट पाहणं एका नर्सबाईंचं. गोष्ट अजून घडायची आहे, पंधरा-वीस वर्षांनी घडेल. पण माणसाचं मन तेवढ्यात काही बदलत नाही, तेव्हा आजच सांगून ठेवली तरी बिघडत नाही. कीर्तनासारखंच करू या. आधी थोडं निरूपण, तेवढं गोड मानून घ्या, आणि मग आख्यान.

निरूपण असं, की विद्या दोन जातींची असते. एक तोंडानं सांगता येते, वहीत उतरवता येते. दुसरी हातातच राहते. पोळी किती पातळ लाटायची असं आईला विचारा. ती म्हणेल, "हाताला कळतं." झालं शिक्षण! मेंदूच्या शस्त्रक्रियेतली निम्मी विद्या या दुसऱ्या जातीची. मेंदू घट्ट दह्यासारखा मऊ. कितीही नवी यंत्रं आली तरी खोलातल्या गाठीपर्यंत पोचायचं तर मेंदूची एखादी घडी पातळ धातूच्या पट्टीनं अलगद बाजूला धरावी लागते. अलगद म्हणजे किती? ते पुस्तकात नाही. ते गुरूच्या बोटांत असतं, आणि गुरू गेला की बोटंही जातात.

माणगंगा आरोग्य विद्यापीठाच्या न्यूरोसर्जरी विभागानं यावर तोड काढली. तिचं नाव अनुकर. दिसायला कोपरापर्यंतच्या हातमोज्यांचे दोन जोड. पहिला जोड कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ. तो घालून सर्जन शस्त्रक्रिया करी आणि प्रत्येक बोटाचा दाब, कल, कंप, सगळं सेकंदाला हजार वेळा टिपलं जाई. दुसरा जोड जरा जाड, त्यात आखडणारे-सैलावणारे बारीक धागे. तो शिकाऊ डॉक्टरनं प्रयोगशाळेत घालायचा. समोर जेलीचा मेंदू, त्यात खोटं रक्त खेळवलेलं, खऱ्यासारखी धडधड. यंत्र सुरू केलं की गुरूचा हात शिष्याच्या हाताला धरून चालवी. लहानपणी पाटीवर हात धरून गिरवून घेत नसत? तसंच.

यातला गुरूचा हात होता डॉक्टर अच्युत धारपांचा. अकरा वर्षांत एक हजार नऊशे बारा शस्त्रक्रिया त्यांनी तो पापुद्रा घालून केल्या, आणि एका सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता हृदयविकारानं गेले. माणूस गेला, हात राहिला.

निरूपण संपलं. आता आख्यान.

सुवार्ता साळवे या विभागाच्या थिएटरच्या मुख्य सिस्टर. मूळच्या श्रीरामपूरकडच्या. घर ख्रिस्ती, वडील चर्चमध्ये भजनं म्हणायचे, म्हणून लेकीचं नाव सुवार्ता, म्हणजे शुभवर्तमान. लग्न झालं नाही. आधी धाकट्या भावंडांची शिक्षणं, मग आईचं अंथरूण, मग ते राहूनच गेलं. वय सत्तावन्न, सहा महिन्यांनी निवृत्ती. बावीस वर्षं त्या धारपसरांच्या उजव्या हाताला उभ्या राहिल्या.

सरांची एक रीत होती. त्यांनी कधी हत्याराचं नाव घेतलं नाही. दुसरे सर्जन "कात्री", "चिमटा", "सिस्टर, लवकर" असं ओरडतात. सर नजर सूक्ष्मदर्शकातून न काढता उजवा तळहात बाजूला उघडायचे, बस. त्यात काय ठेवायचं ते सुवार्ताबाईंनी ओळखायचं. आणि त्या ओळखायच्या. बावीस वर्षांत चुकल्या असतील तर तीनदा.

सर पक्के कीर्तनवेडे. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात बुवांच्या मागे झांजा घेऊन झील धरायला उभे राहायचे. एकदा हात धुता धुता म्हणाले होते, "सिस्टर, बुवा ओळ अर्धी सोडतात आणि आम्ही मागचे ती उचलतो. ती का सोडतात ठाऊक आहे?"

"तुम्हाला मान द्यायला असेल, सर."

"छे हो! दम घ्यायला. आम्हाला उगाच वाटतं, आमच्यासाठी सोडली." आणि स्वतःच खूप हसले.

आणखी एक गोष्ट होती, ती सुवार्ताबाईंनी कधी कुणाला सांगितली नाही. बऱ्याचदा सर तळहात उघडायचे, हत्यार घ्यायचे, दोन श्वास तसेच धरायचे, आणि न वापरताच परत करायचे. कोरं, रक्ताचा ठिपकाही नाही. देताना त्यांचा अंगठा बाईंच्या बोटाला निमिषभर टेकायचा. दोघांच्या हातांवर रबरी मोजे, वर हजार वॅटचा उजेड, भोवती सहा माणसं. यात काय असायचं? पण शिकाऊ पोरं कुजबुजायचीच, "सरांनी सिस्टरांना टाळी दिली बघ." बाई कपाळाला आठ्या घालून कात्र्या मोजत बसायच्या. आणि खोलीवर गेल्यावर ते कोरं हत्यार त्यांच्या मनात लखलखत राहायचं.

गैर काही नव्हतं, बरं का. धारपवहिनी देवमाणूस. दिवाळीला त्यांचा डबा सिस्टरांकडे यायचा, नाताळला सिस्टरांचा तिकडे जायचा. एक शब्द कुणी कुणाला बोललं नाही. पण माणसाला जगायला एक शब्द लागतोच असंही नाही. एक कोरी कात्री पुरते.

सर गेले त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारची ड्यूटी संपली की सुवार्ताबाई प्रयोगशाळेत जायच्या. तिथल्या यंत्रांचा इंजिनिअर केदार लोहोकरे. चौतिशीचा, चष्मा कायम डोक्यावर. तो त्यांच्यासाठी स्टूल आधीच ओढून ठेवायचा. शिकाऊ डॉक्टर मोजे घालून उभा असायचा, सरांचा हात त्याला चालवायचा, आणि मध्येच त्याचा उजवा तळहात बाजूला उघडायचा. पोर चकित व्हायचं, "हे काय मागतंय?" बाई उठून हळूच चिमटा ठेवायच्या. बोटं मिटायची, आधी करंगळी, मग बाकीची, शेवटी अंगठा. अगदी तशीच. हात परक्या पोराचा, पण मिटणं सरांचं.

"सिस्टर, एकदा तुम्हीच घालून बघा ना मोजा," केदार म्हणायचा.

"नको रे बाबा. मी बाहेरचीच बरी." आतून तो हात कसा असेल याची त्यांना धास्ती वाटायची. देवळाच्या गाभाऱ्यात जायला माणूस कचरतो, तसं.

एका गुरुवारी त्या आल्या, बसल्या, ट्रेवर हत्यारं मांडून वाट पाहत राहिल्या. डॉक्टर प्रणीत वाळिंबे नावाचा शेवटच्या वर्षाचा मुलगा मोजे घालून काम करत होता. दहा मिनिटं गेली, वीस गेली. तळहात काही उघडेना.

"केदार, बिघडलंय का रे?"

केदारनं चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला. त्याला जे बोलायचं नसे ते बोलताना तो चष्मा लावायचा. "बिघडलं नाही, सिस्टर. नवी आवृत्ती चढवलीय. ते हात उघडून थांबणं, तो मोकळा वेळ, आम्ही कापला. आता हत्यार द्यायला यांत्रिक बाहू आलाय ना, तो थेट बोटांतच आणून देतो. सगळं धरून एका शस्त्रक्रियेत बावीस मिनिटं वाचतात."

"सगळाच कापला?"

"सगळा. अडतीस हजार ठिकाणं होती. विभागप्रमुख म्हणून मुजावरमॅडमनी सही केलीय. पुढच्या महिन्यात तपासणी आहे, देशातलं आदर्श प्रशिक्षण केंद्र ठरायचंय आपल्याला."

सुवार्ताबाईंनी चिमटा कापडात गुंडाळला, ट्रे जागेवर ठेवला, स्टूल भिंतीला लावलं. दारापर्यंत गेल्यावर म्हणाल्या, "बरं केलंत. वेळ वाचला." खोलीवर जाऊन त्यांनी भाकरी थापायला घेतली आणि पीठ परातीत तसंच ठेवून खिडकीशी बसून राहिल्या. माणूस एकदा जातो तेव्हा लोक भेटायला येतात, डबे आणतात. दुसऱ्यांदा जातो तेव्हा कोण येणार?

तपासणी झाली, केंद्र आदर्श ठरलं, फलक लागला. नव्या पोरांचे हात झपाझप चालू लागले. सगळं छान झालं.

आणि मग दत्तू जानकर आला.

दत्तू आटपाडीच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारणारा. तिथे मध्यंतरी बोलणारं यंत्र बसवलं होतं, पण म्हाताऱ्या माणसांनी तक्रार केली की यंत्राचं बोलणं कळत नाही, दत्तूच बरा. एवढा त्याचा आवाज. त्याच्या डाव्या कपाळामागे लिंबाएवढी गाठ निघाली. प्रणीतनं, मुजावरमॅडमच्या देखरेखीखाली, ती स्वच्छ काढली. वेळ विक्रमी कमी. तिसऱ्या दिवशी दत्तू उठून बसला, चालला, चहा प्याला. फक्त शब्द येईनात.

सुवार्ताबाई वॉर्डात गेल्या तेव्हा त्याची बायको हिराबाई पदराच्या टोकाला गाठी मारत बसली होती.

"बाई, ह्यांच्या तोंडातनं गावच निघंना बघा," ती म्हणाली. "आटपाडी म्हणत्यात आन् थांबत्यात. म्होरलं गाव घावंना. रोज धा येळा पुकारल्याली गाडी!"

"होईल हो बरं. सूज असते थोडे दिवस."

"त्ये समद्यांनी सांगितलंय. मला एवढंच सांगा, तुमी समोर हुता न्हवं? काय चुकलं का कुणाचं?"

दत्तूनं बाईंकडे पाहिलं. ओठ हलले. "आटपाडी..." मग हात हवेत, वाट चुकलेल्या माणसासारखा. डोळ्यांत पाणी.

दत्तू एकटा नव्हता. तीन महिन्यांत असे पाच झाले. कुणाचे शब्द मंदावले, कुणाची बोटं. कायमचं नव्हे, पण पूर्वी जे चार दिवसांत सुधारायचे त्यांना महिना लागे, आणि एकाला तर महिनाही पुरला नाही. डॉक्टर शाहीन मुजावर, विभागप्रमुख, सरांची पहिली विद्यार्थिनी. तिनं भुलीची औषधं बदलली, निर्जंतुकीकरण तपासलं, रात्ररात्र स्कॅन पाहिले. पट्टी धरली होती त्या कडेला सगळ्यांच्या मेंदूवर फिकट सूज. दाब मोजला तर तो सरांच्याच मापाचा, तसूभर जास्त नाही. "मग चुकतंय कुठे?" ती स्वतःलाच विचारायची.

पुढच्या शस्त्रक्रियेला सुवार्ताबाई उभ्या होत्या. खरं तर त्यांचं काम आता यांत्रिक बाहू करी, नियमाप्रमाणे एक माणूस हजर हवं म्हणून त्या. प्रणीतचे हात सुरेख चालले होते. पंधरा मिनिटं. अठरा. बाईंचा उजवा हात आपसूक उठला, बोटांत चिमटा. समोर तळहात नव्हता. हात हवेत तसाच राहिला.

लाजून त्यांनी तो खाली घेतला आणि नजर कुठेतरी वळवायची म्हणून प्रणीतच्या डाव्या हाताकडे वळवली. बावीस वर्षं त्यांनी उजवा तळहातच पाहिला होता. डावा हात पाहायला सवड कुणाला होती! तो डावा हात पट्टी धरून होता. एकसारखी, अखंड, दगडात कोरल्यासारखी.

कुठेतरी आत काहीतरी हललं. सरांचा डावा हात असा दिसायचा नाही. कसा दिसायचा, ते मात्र आठवेना.

शस्त्रक्रिया संपल्याबरोबर त्या प्रयोगशाळेत गेल्या. गुरुवार नव्हता. केदार डबा खात होता.

"सिस्टर? आज?"

"जुनी आवृत्ती आहे का रे ठेवलेली?"

"आहे की. काही फेकत नाही मी."

"मला मोजे घाल."

केदारचा घास हातातच राहिला. तो उठला. हात धुऊन आला, बाईंच्या बाह्या कोपराच्या वर दुमडल्या आणि दोन्ही मोजे चढवले. "सैल सोडा. विरोध करू नका. तेच चालवतील."

धागे आखडले. सुवार्ताबाईंनी डोळे मिटले.

श्रोतेहो, इथे माझी वाणी अपुरी पडते. ज्या हाताला बावीस वर्षं बाहेरून ओळखलं, त्याच्या आत बसणं म्हणजे काय! त्यांना सरांच्या उजव्या मनगटातला तो जुना सांधा जाणवला, कधीतरी दुखावलेला. बोटं त्यांना वाटली होती त्याहून घाबरी निघाली. प्रत्येक हालचालीआधी केसाएवढं थरथरणं, मग ठरवणं, मग जाणं. बाहेरून किती निश्चिंत दिसायचे! डावा हात पट्टी धरून, घडी बाजूला सारून. एक मिनिट. तीन. पाच. डाव्या बोटांत काहीतरी साचत जातंय असं वाटलं, घागर डोक्यावर घेऊन बराच वेळ उभं राहिल्यासारखं.

आणि मग उजवा हात बाजूला गेला आणि तळहात उघडला.

त्याच क्षणी डावा हात सैल झाला.

पट्टी निघाली नाही, नुसती हलकी झाली. घडीनं श्वास घेतला. एक, दोन, तीन, चार, पाच. उजव्या तळहातात कुणी काही ठेवलं नव्हतं, तरी तो मिटला, उघडला, परत आला. मग डावा हात पुन्हा भरला.

"पुढे," बाई म्हणाल्या.

पुन्हा पाच मिनिटांनी तळहात उघडला आणि डावा हात सैलावला. पुन्हा. पुन्हा. एकदाही चूक नाही.

पट्टीखालच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या दाबानं चपट्या होतात. थोडा वेळ त्या सोसतात, फार वेळ धरलं की पेशी गुदमरतात. मध्ये पाच-सहा सेकंद सोडलं की रक्त धावत परत येतं. पुस्तकात एका ओळीत असतं हे सगळं. पण हातात गाठ असताना, घड्याळ पळत असताना, आठवणीनं सोडायचं कसं? सरांच्या हातानं आपली युक्ती शोधून काढली होती. उजव्यानं काहीतरी मागायचं, म्हणजे डाव्याला सुटी मिळते. काय मागितलं याला महत्त्व नव्हतं. मागणं पुरेसं होतं. म्हणून तर कोरी कात्री परत यायची. सरांना स्वतःला तरी हे ठाऊक होतं का, देव जाणे! ठाऊक असतं तर त्यांनी शिकवलं असतं. केदारनं कापताना उजव्या हाताचा मोकळा वेळ पाहिला आणि तेवढी दोन्ही हातांची फीत कापली. मेंदूचे अडतीस हजार श्वास बावीस मिनिटांच्या हिशेबात गेले.

सुवार्ताबाई मोजे न काढताच स्टुलावर बसल्या.

दम घ्यायला. आम्हाला उगाच वाटतं, आमच्यासाठी सोडली.

केदारनं पाणी आणलं. हातांत मोजे होते, म्हणून पेला त्यानंच तोंडाला लावला. "काय झालं, सिस्टर?"

त्याला काही दिसलं नव्हतं. कुणालाच दिसलं नव्हतं. बाई गप्प राहिल्या असत्या तर जगात एकाही माणसाला कळलं नसतं की ती कोरी कात्री कशासाठी होती. सहा महिन्यांतले तीन उरले होते. निवृत्त व्हायचं, श्रीरामपूरला भावाकडे जायचं, आणि उरलेलं आयुष्य त्या एका लखलखत्या वस्तूच्या उजेडात काढायचं. दुसरं होतं काय त्यांच्यापाशी?

केदारचा डबा वाळून गेला. मग त्या म्हणाल्या, "काढ रे मोजे. मुजावरमॅडम कुठे असतील आता?"

शाहीन स्कॅनच्या पडद्यासमोर डोकं धरून बसली होती. बाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं, जसं सरांना हत्यार द्यायच्या तसं, थेट हातात. शाहीन ऐकता ऐकता उभी राहिली.

"पण सिस्टर," ती म्हणाली, "तो हात तर... म्हणजे आम्ही सगळे... रागावू नका, आम्ही रेसिडेंट होतो ना तेव्हा म्हणायचो, सर एवढे कडक, पण तो हात काही कात्रीसाठी येत नाही. तो तुमच्यासाठी येतो."

"मलाही तसंच वाटायचं," सुवार्ताबाई म्हणाल्या.

त्यांनी पडद्यावरच्या सुजेवर बोट ठेवलं.

"तसं नव्हतं, मॅडम. मेंदूला श्वास मिळावा म्हणून यायचा. मी नुसती मध्ये उभी होते."

शाहीननं त्यांचा हात धरला.

तीन दिवसांत केदारनं आकडे जुळवले. बाईंचं बरोबर होतं. नवी आवृत्ती उतरवली, जुनी चढली. यांत्रिक बाहू कोपऱ्यात गेला, त्याच्यावर आता पोरं ॲप्रन टांगतात. शाहीननं विद्यापीठाला पत्र लिहिलं आणि चूक आपली म्हणून सही केली. आदर्श केंद्राचा फलक उतरवावा लागला, तो तिनं स्वतः उतरवला. पाचही घरच्यांना तिनं समोर बसवून खरं सांगितलं. हिराबाई म्हणाली, "सांगितलंसा ह्येच लई. आता बोलतं करा त्यास्नी."

त्यांना बोलतं करायला सुवार्ताबाई रोज जायच्या. दत्तू म्हणायचा, "आटपाडी..." आणि अडायचा. बाई घाई करायच्या नाहीत. आपला तळहात त्याच्यापुढे उघडायच्या आणि थांबायच्या. पहिल्या आठवड्यात नुसतं थांबणंच झालं. एका दुपारी दत्तूनं त्या तळहाताकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाला, "दि... दिघंची." मग म्हसवड यायला चार दिवस लागले. गोंदवल्यानंतर मात्र गाडीनं घाट उतरल्यासारखा वेग घेतला. साताऱ्याला पोचला तेव्हा सगळा वॉर्ड टाळ्या वाजवत होता आणि हिराबाई म्हणत होती, "अवो, हळू! पाशिंजर ऱ्हायली की मागं!"

ज्याला महिनाही पुरला नव्हता, त्या एकाचे शब्द मात्र अजून आले नाहीत. बाई त्याच्याकडेही जातात. तेही सांगायला हवं.

मग निवृत्तीच्या आधीचा शेवटचा गुरुवार आला. प्रयोगशाळेत कुणी शिकाऊ नव्हतं. केदारनं चष्मा नाकावर घेतला तेव्हाच बाईंना कळलं की याला काहीतरी बोलायचं आहे.

"सिस्टर, सगळी थांबण्याची ठिकाणं परत जोडताना मी प्रत्येक ठिकाणी डावा हात तपासला. सगळीकडे जुळलं. फक्त दोनशे बारा ठिकाणं जुळत नाहीत."

"म्हणजे?"

"ती सगळी शेवटची आहेत. शस्त्रक्रिया संपलेली, कवटीचं हाड बसवलेलं, वरचे टाके चालू. पट्टी केव्हाच बाहेर निघालेली. डाव्या हातात काहीच नाही. सैल करायला काही उरलेलंच नाही. तरी उजवा तळहात उघडलाय, हत्यार घेतलंय, दोन श्वास धरलंय, परत केलंय." त्यानं पडद्यावरची यादी सरकवली. "नुसती सवयही असेल. सवयीचा हात उघडतोच. पण मला ठरवता येईना. विद्यार्थ्यांसाठी ठेवू का काढू?"

माझ्यासारख्या कीर्तनवेड्याला इथे एक गोष्ट आठवते. शेवटच्या आरतीला बुवांचा दम काही संपलेला नसतो. तरी एखादी ओळ ते अर्धी सोडतात, मागे वळून पाहतात, आणि हसतात. ती ओळ कशासाठी सोडली, हे कुणी विचारू नये.

"एक लाव त्यातलं," बाई म्हणाल्या.

केदारनं मोजा स्वतःच्या हातात चढवला आणि यंत्र सुरू केलं. त्याचा उजवा तळहात बाजूला उघडला. बाईंनी ट्रेवरून कोरी कात्री उचलली आणि ठेवली. बोटं मिटली, आधी करंगळी, शेवटी अंगठा. एक श्वास. दोन. कात्री परत आली. अंगठा त्यांच्या बोटाला निमिषभर टेकला, या वेळी त्या बोटावर रबर नव्हतं.

त्यांनी कात्री पुसून कापडात ठेवली. पुसण्यासारखं तिला काही लागलेलं नव्हतं.

"काढ ती त्यातून," त्या म्हणाल्या. "पोरांनी शिकण्यासारखं त्यात काही नाही."

"सगळी पुसू?"

"काढ म्हटलं रे. पुस कुठे म्हटलं?"

केदारनं चष्मा पुन्हा डोक्यावर सरकवला. विद्यार्थ्यांच्या यंत्रातून ती दोनशे बारा ठिकाणं त्यानं वेगळी केली आणि एका लहानशा कप्प्यात ठेवून दिली. त्या कप्प्याला नाव काही दिलं नाही.

झालं, आख्यान संपलं. आता उठण्यापूर्वी एक मागणं आहे, फार मोठं नाही. उद्या तुमच्या घरचं कुणी मोठ्या शस्त्रक्रियेतून सुखरूप घरी आलं, देवापुढे दिवा लावलात, डॉक्टरांचं नाव घेतलंत, की तिथेच क्षणभर थांबा, आपला उजवा तळहात उघडा, आणि त्या हाताशी बावीस वर्षं उभ्या राहिलेल्या सुवार्ताबाई साळव्यांची आठवण काढा.